कोणाचे म्हणणे, कोणाच्या नावावर?

निबंधात किंवा प्रबंधात दुसऱ्यांच्या लेखनातून किती टक्के मजकूर घेतलेला चालतो, हा प्रश्न महाविद्यालयीन विद्यार्थी आणि नव्याने संशोधनाकडे वळलेले अभ्यासक हमखास विचारतात. त्या प्रश्नामागे एक रास्त अडचण असते. विषय शिक्षकांनी दिलेला असतो, माहिती आधीच्या ग्रंथांतून मिळवायची असते आणि तरीही लेखन ‘स्वतःचे’ असावे अशी अपेक्षा असते, तेव्हा यातले आपले काय आणि उसने काय, याची सीमारेषा कोठे आखावी हे कोणी नीट सांगत नाही. या प्रकरणात ती रेषा टप्प्याटप्प्याने आखली आहे. त्यासाठी ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या १८८२ साली पुण्यात छापलेल्या पुस्तकावर निबंध लिहू पाहणारा एक विद्यार्थी कल्पिला आहे.

१. टक्केवारीने काय कळते आणि काय निसटते

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी नियमावली काढली. वाङ्मयचौर्य म्हणजे दुसऱ्याचे शब्द, कल्पना किंवा निष्कर्ष श्रेय न देता आपले म्हणून मांडणे. या नियमावलीत प्रबंधांतील साम्याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ६० टक्क्यांपर्यंत असल्यास वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही आणि त्याहूनही अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. साम्य मोजताना योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश वगळावेत, असेही तेथे म्हटले आहे.

‘दहा टक्के चालते’ हा समज येथूनच पसरला आहे, पण नियमाचा हेतू तसा नाही. साम्य शोधणारी संगणकप्रणाली शब्दांची रांग दुसऱ्या रांगेशी जुळवून पाहते, तिला हेतू कळत नाही आणि विचारही कळत नाहीत. जुन्या मासिकातला, संगणकावर कधीच न आलेला लेख कोणी जसाच्या तसा उतरवला, किंवा इंग्रजी ग्रंथातले प्रकरण मराठीत उतरवून आपल्या नावावर खपवले, तर अहवालात साम्य शून्य दिसू शकते. उलट तुकारामांच्या अभंगांवर प्रामाणिकपणे लिहिलेल्या प्रबंधात, अवतरणे वगळण्याची सोय न वापरल्यास, साम्याचा आकडा भलताच फुगतो. आकडा फार तर शंका घेण्याची जागा दाखवतो. लेखन जबाबदार आहे की नाही, हे ठरवणारी कसोटी निराळी आहे आणि ती साधी आहे: निबंधातले कोणतेही वाक्य वाचताना, हे म्हणणे कोणाचे आणि ते कशाच्या आधारावर, हे वाचकाला कळले पाहिजे.

दुकानदाराच्या खर्चाच्या वहीत प्रत्येक रकमेमागे पावती असते. ती दुकानदारावर अविश्वास म्हणून ठेवलेली नसते, तर वही तपासणाऱ्याला रक्कम कोठे गेली हे त्याला न विचारता पाहता यावे म्हणून ठेवलेली असते. निबंधातला संदर्भ नेमके हेच काम करतो.

२. श्रेय वेगळे, कायदा वेगळा

येथे दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. स्वामित्वहक्क, म्हणजेच कॉपीराइट, ही कायद्याची बाब आहे. भारतात १९५७च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर हा हक्क राहतो आणि त्या काळातही संशोधन, टीका किंवा समीक्षा यांसाठी मर्यादित मजकूर घेण्याची मुभा कायदा देतो. श्रेय देणे ही मात्र विद्याव्यवहाराची शिस्त आहे आणि तिला मुदत नाही.

महात्मा फुले १८९० साली निवर्तले. त्यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक आज कोणीही छापू शकतो, पण त्यातला युक्तिवाद आपलाच म्हणून निबंधात मांडला तर ते वाङ्मयचौर्यच ठरते. याउलट हयात लेखकाचे अख्खे पुस्तक त्याचे नाव घालून परवानगीशिवाय छापले, तर श्रेय दिलेले असूनही कायद्याचा भंग होतो. निबंध लिहिणाऱ्याचा रोजचा संबंध पहिल्या प्रकाराशी येतो.

३. साधनांची उतरंड

ज्यातून माहिती घेतली ते साधन. अभ्यासविषय झालेल्या घटनेच्या किंवा लेखनाच्या वेळचे, त्यातूनच निघालेले साधन प्राथमिक मानतात. त्यावर नंतर कोणी केलेला अभ्यास दुय्यम, आणि अशा अभ्यासांचा सार देणारे कोश व पाठ्यपुस्तके ही तिसऱ्या पायरीवर.

आपल्या विद्यार्थ्यापुरते बोलायचे, तर ‘स्त्रीपुरुष तुलना’चा मूळ मजकूर हे प्राथमिक साधन आहे. सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेवर अपत्यहत्येचा खटला चालला, तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली, त्यानंतर वृत्तपत्रांतून स्त्रियांवर ताशेरे ओढले गेले आणि त्यातून ताराबाईंचे लेखन निघाले. त्यामुळे त्या काळची वृत्तपत्रेही येथे प्राथमिक साधनांत येतात. स. गं. मालशे यांनी १९७५ साली हे विस्मृतीत गेलेले पुस्तक पुन्हा प्रकाशात आणले आणि रोझालिंड ओहॅनलन यांनी १९९४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर विवेचनासह प्रसिद्ध केले. त्यांतली विवेचने दुय्यम ठरतात. मराठी विश्वकोशातली नोंद तिसऱ्या पायरीवर येते. विषयाशी ओळख करून घ्यायला ती उत्तम, पण निबंधाचा सगळा भार तिच्यावर टाकता येत नाही.

साधनाची पायरी मात्र प्रश्नाप्रमाणे बदलते. सभासद बखर १६९७च्या सुमारास, म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सुमारे सतरा वर्षांनी लिहिली गेली. महाराजांच्या आयुष्यातल्या एखाद्या घटनेची तारीख ठरवायची असेल, तर समकालीन पत्रांपुढे तिला दुसरी जागा घ्यावी लागते. पण राजाराम महाराजांच्या काळात शिवचरित्र कसे सांगितले जात होते, असा प्रश्न असेल, तर तीच बखर प्राथमिक साधन होते. म्हणून साधन चांगले की वाईट हे ठरवण्यापूर्वी, आपण त्याला काय विचारत आहोत हे ठरवावे लागते.

४. संदर्भ कशाला द्यायचा, कशाला नाही

प्रत्येक वाक्याला तळटीप जोडणे हा जबाबदारीचा अतिरेक आहे आणि त्याने वाचक थकतो. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली, हे कोणत्याही सामान्य ग्रंथात सापडते आणि त्यावर वाद नाही, म्हणून त्याला संदर्भ लागत नाही. अशा माहितीला सर्वज्ञात माहिती म्हणतात. कोणी शोधून काढलेली बाब, मोजलेला आकडा, लावलेला अर्थ, सुचवलेले कारण आणि अर्थातच कोणाचे नेमके शब्द यांना मात्र संदर्भ लागतो.

सर्वांत जास्त चुका कारणांच्या बाबतीत होतात. ताराबाईंचे पुस्तक १८८२ साली निघाले, ही माहिती झाली. त्यांचे दुसरे पुस्तक का आढळत नाही याचे उत्तर हा कोणातरी अभ्यासकाचा तर्क असतो. तो अनेक पुस्तकांतून वाचायला मिळाला म्हणून सर्वज्ञात होत नाही, कारण पुष्कळदा ती सगळी पुस्तके एकाच मूळ तर्काची पुनरुक्ती करत असतात. एखादी बाब माहिती आहे की तर्क, असा संभ्रम पडला, तर संदर्भ द्यावा. जादा संदर्भाने निबंध थोडा जड होतो, पण गाळलेल्या संदर्भाने तो संशयास्पद होतो.

५. एक वाक्य, चार हात

पुढील वाक्य केवळ उदाहरणासाठी रचले आहे. ते एखाद्या अभ्यासग्रंथात छापलेले आहे, असे समजावे:

“१८८२ साली पुण्यात छापलेल्या ‘स्त्रीपुरुष तुलना’च्या फक्त पाचशे प्रती निघाल्या आणि तिच्यावर उठलेल्या टीकेच्या वादळामुळेच ताराबाईंनी पुढे लेखणी खाली ठेवली असावी.”

पहिला विद्यार्थी हे वाक्य अवतरणचिन्हांशिवाय जसेच्या तसे आपल्या निबंधात घालतो. येथे चौर्य उघड आहे.

दुसरा लिहितो: “इ. स. १८८२ मध्ये पुणे येथे मुद्रित झालेल्या ‘स्त्रीपुरुष तुलना’च्या केवळ ५०० प्रती प्रसिद्ध झाल्या व तिच्यावर झालेल्या टीकेच्या तुफानामुळे ताराबाईंनी त्यानंतर लेखन थांबवले.” त्याला वाटते की शब्द बदलले म्हणजे मजकूर आपला झाला. पण वाक्याचा सांगाडा, माहितीचा क्रम आणि कारणाचा तर्क सगळे मूळचेच आहे, ‘छापलेल्या’च्या जागी ‘मुद्रित’ आणि ‘वादळा’च्या जागी ‘तुफान’ एवढाच फरक पडला आहे. शिवाय एक गंभीर चूक नकळत घडली आहे: मूळ लेखकाने जपून लिहिलेला ‘असावी’ हा शब्द गळाला आणि अंदाज होता तो सिद्ध गोष्ट बनून बसला. समानार्थी शब्द पेरण्याच्या या रीतीत श्रेय बुडतेच आणि अर्थही बिघडतो.

तिसरा दुसऱ्याचेच वाक्य लिहून शेवटी ग्रंथाचे नाव आणि पृष्ठांक देतो. हे सुधारलेले रूप आहे, पण अर्धेच. संदर्भ पाहून वाचक समजतो की कल्पना त्या अभ्यासकाची आणि मांडणी विद्यार्थ्याची, प्रत्यक्षात मांडणीही उसनीच असते. शब्द मूळचे ठेवायचे असतील तर ते अवतरणचिन्हांत घालावेत, नाहीतर मांडणी खरोखर बदलावी.

चौथा पुस्तक मिटून, आपल्याला काय सांगायचे आहे याचा विचार करून लिहितो: “ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. एका अभ्यासकाने याचे कारण पहिल्या पुस्तकावर झालेल्या टीकेत शोधले आहे आणि तेही अंदाज म्हणूनच. परंतु त्याच अभ्यासकाने सांगितल्याप्रमाणे प्रती पाचशेच निघाल्या असतील, तर पुस्तक किती वाचकांपर्यंत पोचले आणि टीका किती ठिकाणी छापून आली हे आधी पाहावे लागेल.” प्रत्यक्ष निबंधात ‘एका अभ्यासकाने’ या शब्दांच्या जागी त्याचे नाव आणि शेवटी पृष्ठांक येईल. या मांडणीत माहिती, दुसऱ्याचा तर्क आणि स्वतःची शंका या तिन्ही गोष्टी सुट्या दिसतात. दुसऱ्याचे म्हणणे कोठे संपले आणि विद्यार्थ्याचे कोठे सुरू झाले, हे ‘परंतु’ या शब्दापाशी बोट ठेवून दाखवता येते.

६. अवतरण घ्यावे कधी आणि कसे

अवतरण म्हणजे मूळचे शब्द जसेच्या तसे घेणे. जेथे शब्दांनाच महत्त्व आहे तेथे ते घ्यावे. ताराबाईंच्या भाषेतला उपरोध हाच विवेचनाचा विषय असेल, तर त्यांचे शब्द दाखवल्यावाचून गत्यंतर नाही. पुस्तक कोणत्या छापखान्यात छापले गेले, एवढे सांगण्यासाठी मात्र कोणाचे वाक्य उचलण्याची गरज नसते.

अवतरणात काही गाळले तर तेथे तीन टिंबे द्यावीत, आपला शब्द घातला तर तो चौकटी कंसात घालावा आणि या दोन्हींनी मूळ अर्थ बदलणार नाही याची खात्री करावी. जुन्या मराठीच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि उच्चार न होणारे अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ते जागोजागी आढळतात. अशा मजकुरातले लेखन ‘सुधारून’ घेतले, तर वाचकापुढे जे येते ते मूळ अवतरण नसते. म्हणून लेखन मूळचेच ठेवावे, आणि आजच्या पद्धतीने बदललेच, तर तसे एकदा स्पष्ट सांगावे. इंग्रजी ग्रंथातला उतारा मराठीत दिला असेल, तर भाषांतर कोणी केले तेही सांगावे लागते.

याहून मोठा धोका संदर्भ तोडण्याचा असतो. आपल्या शास्त्रग्रंथांची रीत अशी की प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्वपक्ष म्हणून पूर्ण ताकदीनिशी मांडायचे आणि मग त्याचे खंडन करून सिद्धान्त सांगायचा. आधुनिक लेखकही पुष्कळदा असेच लिहितात. घाईत वाचणारा विद्यार्थी पूर्वपक्षातले वाक्य उचलतो आणि लेखकाने जे खोडून काढले तेच लेखकाचे मत म्हणून देतो. अवतरणचिन्हे बिनचूक, पृष्ठांक अचूक, आणि तरीही विधान खोटे. यावर उपाय एकच: उतारा घेण्यापूर्वी त्याच्या आधीची आणि नंतरची दोन-दोन पाने वाचावीत.

७. न पाहिलेले पुस्तक आणि न सांगितलेली आवृत्ती

महात्मा फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, ही माहिती विद्यार्थ्याला बहुधा एखाद्या आधुनिक ग्रंथातून मिळते. अशा वेळी तळटीपेत थेट ‘सत्सार’ लिहिण्याचा मोह होतो, कारण त्याने अभ्यास खोल दिसतो. पण त्या तळटीपेचा अर्थ ‘लेखकाने हे स्वतः पाहिले’ असा होतो. पाहिले नसेल तर ‘फुले, सत्सार, अमुक ग्रंथात उद्धृत, पृष्ठ अमुक’ असे लिहावे. मधल्या लेखकाने उतरवताना चूक केली असेल, तर ती आपल्या नावावर चढू नये, एवढी व्यावहारिक शहाणीवही त्यात आहे. शक्य असेल तर मूळच गाठावे हे अर्थातच अधिक चांगले, आणि फुल्यांच्या बाबतीत महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेल्या समग्र वाङ्मयामुळे ते अवघडही नाही.

आवृत्ती सांगणे हा याचाच पुढचा भाग. तुकारामांच्या गाथेच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत एकाच अभंगाचे क्रमांक निरनिराळे आहेत, त्यामुळे नुसता अभंग-क्रमांक दिला आणि गाथा कोणती ते सांगितले नाही, तर संदर्भ असून नसल्यासारखा होतो. पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांच्या नावावर समाजमाध्यमांतून फिरणाऱ्या वाक्यांचे तर पुस्तकही सांगितलेले नसते. पुस्तक आणि पान सापडेपर्यंत ती निबंधात घेऊ नयेत.

संदर्भाची मांडणी विद्यापीठागणिक आणि नियतकालिकागणिक बदलते. कोणी तळटीप देतो, कोणी मजकुरातच कंसात आडनाव, वर्ष आणि पृष्ठ देतो. लागोपाठ तोच ग्रंथ आला तर मराठीत ‘तत्रैव’ लिहिण्याची पद्धत आहे. कोणतीही पद्धत चालेल, पण लेखक, ग्रंथ, प्रकाशक, आवृत्ती वा वर्ष आणि पृष्ठ एवढे मिळाले पाहिजे आणि एकच पद्धत शेवटपर्यंत पाळली पाहिजे.

८. यंत्राने सांगितलेले संदर्भ

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संवादप्रणाली प्रश्न विचारताच सफाईदार उत्तर देते आणि मागितल्यास संदर्भही देते. पण ती शब्दांची संभाव्य रांग रचत असल्यामुळे लेखकाचे खरे नाव, पटण्याजोगे शीर्षक आणि अस्तित्वात नसलेले पुस्तक यांची मोट सहज बांधू शकते. २०२३ साली न्यूयॉर्कमधील एका संघीय न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे दाखल केले. ते निवाडे कधी झालेच नव्हते, आणि न्यायालयाने ५,००० डॉलर दंड ठोठावला. विद्यार्थ्याला येथून घेण्यासारखा नियम सरळ आहे: जे पुस्तक ग्रंथालयाच्या सूचीत सापडले आणि ज्याचे पान स्वतः उघडून पाहिले, तेवढेच संदर्भसूचीत घ्यावे. प्रणालीची मदत मांडणीसाठी किंवा भाषेसाठी घेतली असेल, तर संस्थेचा नियम पाहून ते नमूद करावे.

९. काम टिपणवहीत सुरू होते

बरेचसे वाङ्मयचौर्य लबाडीतून होत नाही, ते गबाळ्या टिपणांतून होते. तीन महिन्यांपूर्वी वहीत उतरवलेले वाक्य स्वतःचे की ग्रंथातले, हे आठवत नाही आणि ते निबंधात आपले म्हणून जाते. म्हणून टिपण घेताना पानाच्या माथ्यावर ग्रंथाची पूर्ण माहिती लिहावी, जसेच्या तसे उतरवलेले शब्द तेथेच अवतरणचिन्हांत घालावेत, आपल्या शब्दांतला सारांश त्यापासून वेगळा ठेवावा, स्वतःला सुचलेली शंका वेगळ्या शाईत लिहावी आणि प्रत्येक नोंदीपुढे पृष्ठांक टाकावा. संगणकावर टिपणे काढणाऱ्यांनी कॉपी-पेस्ट केलेला मजकूर वेगळ्या रंगात ठेवावा, म्हणजे तो मसुद्यात सरकला तर चटकन दिसतो.

मसुदा पुरा झाल्यावर हीच विभागणी उलट दिशेने तपासता येते. प्रत्येक परिच्छेदात दुसऱ्याची माहिती, दुसऱ्याचे मत आणि स्वतःचे म्हणणे अशा तीन खुणा कराव्यात. एखाद्या परिच्छेदात तिसरी खूण एकदाही आली नाही, तर तो परिच्छेद निबंधाचा झालेला नाही, तो अजून टिपणच आहे. अशा ठिकाणी संदर्भ कमी करून किंवा शब्द बदलून काही साधत नाही. दोन अभ्यासकांत मतभेद कोठे आहे, एकाने दिलेला पुरावा दुसऱ्याने का मानला नाही, आणि मूळ मजकूर पाहता कोणाचे म्हणणे अधिक टिकते, हे विचारावे लागते. त्याचे उत्तर दोन-तीन वाक्यांत का होईना पण स्वतः लिहिले, की विद्यार्थ्याचा वाटा उभा राहतो, आणि भोवतालच्या संदर्भांमुळेच तो वाचकाला तपासता येतो.